तिरपे ओघळ

दादा घरं बांधायचा आणि मी ती म्हातारी करायचे. आमच्या मागच्या खोलीत, खिडकीपासून कपाटापर्यंत, आमच्याच गावचं स्टेशन सत्त्याऐंशीपट लहान होऊन पसरलेलं आहे. दोन फलाट, मालधक्का, काडेपेटीएवढी सिग्नलची केबिन. दादा ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करायचा, त्यामुळे केसभर फरक त्याला खपायचा नाही. काटकोन तपासायचा गुण्या लावून तो भिंती उभ्या करायचा आणि त्या कोऱ्या करकरीत इमारती माझ्यासमोर आणून ठेवायचा. मग काजळी, शेवाळ, उडालेला रंग आणि गंज हे माझं खातं.

मी शाळेत चित्रकला शिकवत होते. माझा एक नियम होता, आणि तो सांगून सांगून मी तीस वर्षं पोरांचं डोकं खाल्लं: डाग मनाने काढायचा नाही. फोटो काढायचा, भिंग लावून बघायचा आणि डाग जिथे आहे तिथेच उतरवायचा. डाग उगाच पडत नाही. वर कुठेतरी गळकी पन्हाळ असते, निसटलेली वीट असते. हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला, तोही भावाची कटकट नको म्हणून.

स्टेशनच्या आवारात विटांचा एक चौकोनी मनोरा होता आणि त्याच्या डोक्यावर लोखंडी पाण्याची टाकी. वाफेची इंजिनं गेली, तरी डबे धुवायला ती टाकी लागायची. रोज सकाळी दहाला पंप सुरू व्हायचा आणि ती भरायची. मनोऱ्याच्या पोटात, तळमजल्याला, एक खोली होती. तिथे दादाची मुलगी दोन बायांना हाताशी घेऊन पुस्तकं बांधायची. चौतिशीची झाली तरी घरात ती पिटुकलीच. डोक्यावर एवढं पाणी घेऊन बसतेस, भीती नाही वाटत का, असं मी तिला गमतीने विचारायचे. "उन्हाळ्यात गार राहतं गं आत्या," असं ती म्हणायची.

गेल्या वर्षी स्टेशनमास्तरने त्या मनोऱ्याचं मॉडेल मागितलं. तो माझाच विद्यार्थी, वर्गात रंगाच्या बाटल्या सांडण्यात पटाईत. दादाने मनोरा केला, पत्र्याची टाकी केली. मी फोटो बघून टाकीच्या बोल्टांपासून भिंतीवर उतरणारे गंजाचे ओघळ रंगवले आणि वरून पक्कं वॉर्निश मारलं. दादाने चष्मा पुसून बघितलं.

"हे ओघळ वाकडे आहेत."

"फोटोत असेच आहेत."

"मग फोटोच वाकडा काढलास. पाणी सरळ खाली येतं. हात थरथरायला लागलाय तुझा."

हात थरथरतो म्हणाला याचा मला फार राग आला. पण दोन दिवस तो उठता बसता तेच उगाळत राहिला, तेव्हा मी वैतागले. फोटो फाडून टाकले, वॉर्निशवर विटांचा रंग चढवून ओघळ झाकले आणि वरून नवे काढले, त्याला हवे तसे सरळसोट. दादा खूश, मास्तर खूश. मॉडेल ऑफिसात काचेच्या पेटीत जाऊन बसलं आणि मी ती गोष्ट विसरूनही गेले.

यंदा दादाला तोच मनोरा आमच्या मागच्या खोलीतल्या स्टेशनातही हवा होता, म्हणून त्याने दुसरं मॉडेल केलं. मी सोमवारी नवे फोटो काढले. बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला शेवटचा ओघळ उतरवत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"पुन्हा वाकडे."

या वेळी मी ऐकून घेणार नव्हते. भिंग त्याच्या हातात कोंबलं. "कॅमेरा वाकडा असता तर सगळंच वाकडं आलं असतं. हे जुने काळे ओघळ बघ. विटांच्या थरांशी अगदी काटकोनात आहेत, तुझा गुण्या लावून बघ हवं तर. आता हे नवे, नारिंगी. त्याच बोल्टांतून निघालेत आणि उजवीकडे चाललेत. दोन्ही एकाच फोटोत आहेत, दादा. आता बोल."

बोलता बोलता मीच भिंग परत घेऊन बघितलं. पाणी सरळच खाली येतं, त्यात दादाचं काही चुकलं नव्हतं. जुनं पाणी सरळ आलं होतं आणि नवंही सरळच येत होतं. म्हणजे मधल्या काळात भिंत हलली होती.

दादाच्याही ते ध्यानात आलं असावं. त्याने दोऱ्याला शिशाचा मणी बांधून ओळंबा केला आणि तो मॉडेलसमोर धरला. मग मनोऱ्याच्या डाव्या कडेखाली कागदासारखी पातळ तासलेली एक आगकाडी सरकवली. मग दुसरी. माझे नारिंगी ओघळ दोऱ्याशी जुळेपर्यंत तो काड्या सरकवत राहिला. पाच काड्या गेल्या. टेबलावर तो मनोरा उजवीकडे झुकून उभा होता.

"गेल्या वर्षी किती होतं?" त्याने विचारलं.

"आठवतं तेवढं, दोन काड्यांचं असेल."

"पिटुकलीला फोन कर."

मी केला. तिचं कागद कापायचं मशीन चालू असलं की तिला काही ऐकू येत नाही. तीनदा केला. मग मी रंगाची पिशवी तशीच खांद्याला अडकवली आणि आम्ही निघालो. एरवी स्टेशन दहा मिनिटांवर, पण दादाच्या गुडघ्यांना पंचवीस लागली. आवारात शिरताना आधी ऑफिस लागतं. पंप थांबवायचा अधिकार मास्तरचा, म्हणून मीच म्हटलं, आधी इथे सांगू. मनोरा खिडकीतून दिसत होता. नुसत्या डोळ्यांना तो मला सरळच वाटला.

मास्तर उठून उभा राहिला. "बाई, बसा ना." त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसत काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं. "हे बघा. तुम्हीच केलंय. खिळान्‌खिळा मोजून करता तुम्ही दोघं. यात ओघळ सरळ आहेत की नाही? एवढा मोठा मनोरा वर्षभरात वाकतो का कुठे?"

"तपासणी झालीय का त्याची?" दादाने विचारलं.

"झाली ना. तपासणीवाले आले होते. शिडी काही सापडली नाही, म्हणून मी त्यांना हे मॉडेलच दाखवलं. फार कौतुक केलं त्यांनी तुमचं."

शाळेत चोरी करताना पकडलेल्या पोरीसारखी मी त्या पेटीसमोर उभी होते, आणि घड्याळात पावणेदहा झाले होते.

"ते ओघळ खोटे आहेत," मी म्हटलं. "खालचे खरे. मी वरून रंग चढवलाय."

"तुम्ही? बाई, मनाने डाग काढला म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलं होतंत तुम्ही."

"मीच सरळ करायला लावले तिला," दादा म्हणाला. भावाच्या तोंडून 'माझं चुकलं' यासारखं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ते ऐकून बरं वाटायची ती वेळ नव्हती. "तू पूस ते. याला दाखव. मी पिटुकलीला बाहेर काढतो."

तो गेला. मी पेटी उघडायला लावली. मास्तरला किल्ली सापडेना. ती कॅलेंडरच्या मागच्या खिळ्याला होती. मी पिशवीतून थिनरची बाटली आणि चिंधी काढली आणि विटांच्या रंगावर फिरवू लागले. चिंधी तांबडी होत गेली, पण एवढ्याशा भिंतीला किती वेळ लागला ते मला आता सांगता यायचं नाही. सरळ ओघळ आधी फरकटले, मग निघून गेले. वॉर्निशखालून माझे जुने ओघळ वर आले, काळे सरळ आणि नारिंगी उजवीकडे कलणारे. नारिंगी सगळे सारखेच कललेले होते. माझा हात थरथरला नव्हता.

"हे गेल्या वर्षीचं," मी म्हटलं. "आज याच्या दुपटीहून जास्त आहे."

मास्तरने एकदा मॉडेलकडे आणि एकदा खिडकीबाहेर बघितलं. मग त्याने फोन उचलला. "पंप सुरू करू नकोस," तो म्हणाला. पलीकडचा पंपवाला काय बोलला ते मलाही ऐकू आलं. "केला ना साहेब, दहा वाजले."

"बंद कर. आत्ताच्या आत्ता."

मी खिडकीशी गेले. खोलीच्या दारातून दोन बाया बाहेर पडल्या होत्या. त्यांच्यामागून पिटुकली आली, हात कोपरापर्यंत खळीने माखलेले. ती मागे वळून काहीतरी बोलत होती, बहुतेक बापाला रागावतच. जराशी पुढे आली आणि पुन्हा मागे वळली. मग दारात दादा दिसला. त्या दाराला दोन पायऱ्या होत्या. दादा पायरी उतरायचा म्हणजे आधी चौकट धरायचा, डावा पाय खाली ठेवायचा, थांबायचा, मग उजवा. तो पहिल्या पायरीवर थांबला होता.

आधी विटा गेल्या, उजव्या कोपऱ्याच्या. मग टाकी. आवाज नंतर आला, किंवा मला तो नंतर ऐकू आला. पिटुकली पाण्यात बसली होती, कमरेपर्यंत भिजलेली, आणि दाराच्या जागी दार नव्हतं.

दादाला काढायला संध्याकाळ झाली.

महिनाभर पिटुकली आमच्या मागच्या खोलीकडे फिरकली नाही. मग एका रविवारी आली, टेबलाशी उभी राहिली. काड्या अजून तिथेच होत्या, मनोऱ्याच्या डाव्या कडेखाली. तिने मला एकच गोष्ट विचारली.

"आत्या, तुला गेल्या वर्षीच दिसलं होतं?"

"दिसलं होतं," मी म्हटलं. "फोटोत दिसलं होतं, हाताने काढलंही होतं."

तिने मान हलवली आणि ती खुर्चीवर बसली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मग तिने मनोऱ्याकडे बघत विचारलं, बाबांनी खिडक्या कशाच्या केल्यात. मी सांगितलं, फोटोच्या जुन्या फिल्मच्या.

तो मनोरा मी पुरा केला. काड्या काढून टाकल्या आणि दादाने केला तसाच, गुण्यात, जागेवर बसवला. ओघळ मात्र तिरपेच ठेवलेत. आता त्यांना वाकडं म्हणणारं घरात कोणी नाही.