जिथे घाम येत नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी कांडी आहे, डाग झाकायची. दुकानदार मला कन्सीलर म्हणायचे. घरातली माणसं नुसतं 'ते' म्हणायची, कारण माझं नाव घेतलं तर डागाचंही घ्यावं लागलं असतं. आता माझं मेण बुडाला लागलं आहे आणि त्याला खवट वास येतो. तरी मला बोलायचं आहे. ज्या घरात मी राहिले, तिथे मी काय दाखवत होते ते कुणी पाहिलंच नाही.

माझा जन्म भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात झाला. मेण, तेल आणि मातकट रंगाची भुकटी वितळवून बायका आम्हाला साच्यात ओतायच्या. खोक्यावर मात्र गोऱ्यापान मडमेचं चित्र होतं. तिने भाईंदर कधी पाहिलं नसणार. इथल्या उकाड्यात टिकावं म्हणून माझ्यात मेण जरा जास्तच घातलं होतं, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. केबिन रोडवरच्या एका दुकानात उर्मिलाबाई आल्या. बरोबर त्यांची मुलगी स्वप्नाली होती.

"भाईसाब, डाग छुपाने का कुछ है क्या?" उर्मिलाबाईंनी हळू आवाजात विचारलं. "हात पे लगाने का है."

"गर्मी में ट्यूबवाला मत लो बेन, बह जाएगा," दुकानदार म्हणाला. "ये स्टिक लो. और इधर ट्यूबलाइट में मत देखो, बाहर धूप में देखो."

माणूस शहाणा होता. दुकानाच्या उजेडात सगळेच रंग चांगले दिसतात. मायलेकी रस्त्यावर उन्हात उभ्या राहिल्या आणि दुकानदाराने काढून दिलेल्या आम्हा तीन कांड्यांच्या रेघा स्वप्नालीच्या डाव्या हातावर ओढल्या. एक खडूसारखी पांढरी दिसली, एक चिखलासारखी. मी मात्र तिच्या सावळ्या कातडीत अशी मिसळले की उर्मिलाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला घरी नेलं.

कोपराच्या खाली, मनगटाकडे जाणारा तो डाग होता. फिकट, कोरडा, कडेला किंचित लालसर. उर्मिलाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं की हे कोड. वडील आत्माराम एकदा म्हणाले, "अगं, डॉक्टरला दाखवून तरी येऊ."

"चामडीच्या डॉक्टरच्या दारात कुणी बघितलं तर?" उर्मिलाबाई म्हणाल्या. "आधी लग्न ठरू दे. मग काय ते बघू."

लालबागची खोली सोडून ही माणसं पेणकरपाड्याजवळच्या नव्या इमारतीत आली होती. इथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, आणि कुणी बोट दाखवू नये एवढीच त्यांची धडपड होती. लांब बाह्यांचा ब्लाउज घालायचीही सोय नव्हती. मे महिन्यात मनगटापर्यंत झाकलेली मुलगी पाहिली की पाहुण्यांच्या मनात नको ते येतं. म्हणून मी.

स्वप्नालीला लग्नाची तेवढी घाई नव्हती. ती स्टेशनजवळच्या क्लासमध्ये टायपिंग शिकत होती आणि तिला ऑफिसात नोकरी करायची होती. सगळ्या बोटांनी, खाली न बघता टाइप करता येतं, याचा तिला अभिमान होता.

मला लावायचं कसं, हे शेजारच्या सुलूने शिकवलं. ती घरातच पार्लर चालवायची. "आधी बर्फ फिरव. कोरडं होऊ दे. मग ठिपके दे आणि थापट, घासायचं नाही. कडा बोटाने विरवायच्या. वरून पावडर, आणि जास्तीची झटकून टाक." मी वितळू नये म्हणून माझी जागा फ्रिजच्या दारात, लिंबांशेजारी ठरली.

मग सुलूने स्वप्नालीला भर दुपारी गॅलरीत उभं केलं, परीक्षा म्हणून. खाडीकडून वारा नव्हता. थोड्याच वेळात तिच्या नाकावर, ओठावर, गळ्याशी घाम डवरला. चेहऱ्यावरची पावडर ओघळली. हातावर इतरत्र घामाचे थेंब आले. डागावर मात्र मी जशीच्या तशी.

"बघितलं काकी?" सुलू खूश होऊन म्हणाली. "टिपूसभर घाम नाही इथे. काय बसलंय!"

मला तर आभाळ ठेंगणं झालं. पण मित्रांनो, मी मेणाची आहे. घाम थांबवायची ताकद माझ्यात कुठून असणार? डागाच्या कडेबाहेर मी ओघळत होते आणि आत कोरडी होते. त्या तिघींच्या डोळ्यांसमोर होतं ते. त्या कातडीला घामच येत नव्हता. का येत नाही, असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि त्याची आत्या अनसूयाबाई. त्या मुंबईत एका दवाखान्यात नर्स होत्या. पोह्यांच्या बशा आल्या आणि नेमकी लाइट गेली. पंखा थांबला. पाहुण्यांनी रुमाल काढले. स्वप्नालीचा ब्लाउज पाठीला चिकटला. ती अनसूयाबाईंना पाणी द्यायला वाकली, तेव्हा त्यांची नजर तिच्या हातावर थांबली. घामाने चमकणाऱ्या हातावर तेवढाच एक तुकडा कोरडा ठणठणीत होता.

"मुलीशी जरा आत बोलते," असं म्हणून त्या तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. उर्मिलाबाई मागोमाग धावल्या. अनसूयाबाईंनी ओल्या रुमालाने मला पुसलं. पावडरच्या पफचा कापूस ओढून त्याचं टोक वळलं.

"डोळे मीट. कापूस लागला की बोटाने दाखव."

मनगटाला लावला, तिने दाखवलं. दंडाला लावला, दाखवलं. डागाला लावला. स्वप्नाली डोळे मिटून वाट पाहत राहिली.

"लावा ना," ती म्हणाली.

"लावलाय गं," अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी तिचा तोच हात आपल्या हातात घेतला. "हे कोड नाही. हा कुष्ठरोग आहे. घाबरू नका, हात लावून होत नाही, आणि गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण उशीर केला तर बोटं जातील. मी बाहेर कुणाला बोलणार नाही."

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," एवढंच उर्मिलाबाई म्हणाल्या. त्यांनी मला उघडलं आणि पुन्हा डागावर फिरवलं.

मुलाकडून नकार आला. मुलाला मुलगी उंचीने कमी वाटली, असा निरोप होता आणि तो खरा होता. पण उर्मिलाबाईंना ते पटलं नाही. नर्सनेच सांगितलं असणार, असं त्यांच्या डोक्यात बसलं. "एका माणसाला कळलं तर हे झालं," त्या म्हणाल्या. "दवाखान्याच्या रांगेत उभी राहिलीस तर गावभर होईल." स्वप्नाली हट्टाने एकदा चप्पल घालून निघाली, तर आई दारात आडवी बसली. आत्मारामांनी पेपर तोंडासमोर धरला. मला त्या माणसाचा राग येतो, अजूनही येतो.

पुढे पाहुणे येत राहिले आणि मी झिजत राहिले. एकदा ब्लाउजला इस्त्री करताना गरम इस्त्री स्वप्नालीच्या डाव्या हाताला टेकली. जळका वास आला तेव्हा तिने खाली पाहिलं. दुखलं नव्हतं.

"लक्ष कुठे असतं तुझं?" आई ओरडली. संध्याकाळी फोडावरही मलाच लावलं.

मग टायपिंगच्या कागदावर डाव्या करंगळीने मारायची अक्षरं पुसट उमटू लागली. क्लासच्या बाई म्हणाल्या, जोर दे. स्वप्नालीने जोर दिला, पण करंगळी ऐकेना. काही महिन्यांत करंगळी आणि शेजारचं बोट आत वळू लागलं. ती दुसऱ्या हाताने ती बोटं सरळ करायची आणि सोडली की पुन्हा वळायची.

त्या दिवशी तिने आईला विचारलं नाही. अनसूयाबाईंच्या दवाखान्याचं नाव तिच्या लक्षात होतं. मी तिच्या पर्समध्ये होते. अनसूयाबाईंनी तिला ओळखलं आणि तिची बोटं हळूच उलगडून पाहिली.

"रोग जाईल," त्या म्हणाल्या. "गोळ्या बुडवू नकोस. बोटांचं मात्र मी काही सांगू शकत नाही. त्या दुपारी आली असतीस तर..."

"मी येत होते," स्वप्नाली म्हणाली.

तिने एकही गोळी चुकवली नाही. रोग गेला. डागही विरत गेला आणि हाताचा रंग पूर्ववत झाला. फक्त ती दोन बोटं तशीच राहिली. टायपिंगच्या परीक्षेचा फॉर्म तिने भरला नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी मला वापराल, कुणी वापरणार नाही. वापरायला माझी ना नाही. उन्हात रंग बघून घ्या, थापटून लावा, जपून ठेवा. पण अंगावर डाग दिसला, आणि तिथे कापूस लागलेला कळत नसेल, घाम येत नसेल, तर आधी डॉक्टरला दाखवा. झाकायला नंतर आयुष्य पडलंय. आणि घरातलं कुणी दवाखान्यात निघालं असेल तर दारात बसू नका.

गोळ्या संपल्यावर आणखी एक स्थळ आलं. उर्मिलाबाईंनी सवयीने मला फ्रिजमधून काढलं, बर्फ फिरवला, मुलीचा हात मांडीवर घेतला आणि डाग शोधू लागल्या. डाग कुठेच नव्हता. त्यांनी हात उलटा केला, सुलटा केला. मग काही न सुचून त्या मला त्या दोन वाकड्या बोटांवरच थापटू लागल्या, हलक्या हाताने, कडा विरवत. स्वप्नालीने हात मागे घेतला नाही.

"आई," ती म्हणाली, "बोटांना हे नाही लागत."

उर्मिलाबाई ऐकत नव्हत्या. त्या लावतच राहिल्या.