सिस्टरच्या घरातली झुरळं

"हलू नका मावशी, हलू नका!" भावजय ओरडली आणि तिने भेटायला आलेल्या मावशींच्या खांद्यावर फटकन मासिक मारलं. झुरळ खाली पडलं, उताणं झालं, पुन्हा सुलटं झालं आणि सोफ्याखाली पळालं. मावशींनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

"आता तरी पटलं का, ताई?" भावजय सिस्टरकडे वळली. "तुमच्या या घरात माणसं बोलवायचीसुद्धा चोरी झालीय."

सिस्टर नुकतीच सकाळची ड्युटी संपवून आली होती. एकोणतीस वर्षं ती जळीत रुग्णांच्या वॉर्डात काम करत होती आणि सगळी इमारत तिला सिस्टरच म्हणे. पायातले बूटही अजून निघाले नव्हते.

"आई होती तोवर या घरात एक झुरळ नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणजे आम्ही आणली?"

"मी तसं म्हटलं नाही."

"हॉस्पिटलातून रोज पिशवी घेऊन कोण येतं? आम्ही?"

धाकटा भाऊ शेजारीच बसला होता. त्याने पेपरात असं काही डोकं घातलं, जणू उद्या त्यावर परीक्षा होती.

आई गेल्यावर दोन महिन्यांनी भाऊ-भावजय इथे राहायला आले. "ताई एकटी पडेल," असं भावाने सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं. सिस्टरलाही बरं वाटलं होतं. तिने आपली मोठी खोली त्यांना दिली आणि स्वतः आईच्या खोलीत गेली. पण महिना उलटला नाही तोच झुरळं दिसू लागली आणि भावजयीच्या हाती कोलीत मिळालं. जिन्यात कुणी भेटलं की ती आवाज चढवून सांगायची, "वरून स्वच्छ दिसतं हो सगळं! नर्सेसना क्वार्टर मिळते ना? मग माणसाने राहावं तिथे."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ज्या बाईच्या हाताखाली शिकाऊ नर्सेस चळचळ कापायच्या, तिला लोक घाणेरडी म्हणत होते! तिने मोरीच्या जाळ्या बदलल्या, फटी बुजवल्या, बोरिक पावडर आणि कणकेच्या गोळ्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या. रोज सकाळी दहा-वीस झुरळं मरून पडायची आणि संध्याकाळी तितकीच पुन्हा हजर.

मग एका दुपारी ती घरी आली तर आईच्या खोलीत भिंतीवर कपाटाच्या आकाराचा पांढरा चौकोन तेवढा उरला होता. आईचं लाकडी कपाट नव्हतं. साड्या पलंगावर ढीग करून टाकलेल्या.

"वाळवीने पोखरलेलं ते," भावजय दारातून म्हणाली. "सगळी अंडी त्यातच होती. भंगारवाला घेऊन गेला."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारून तुम्ही हो म्हणाला असतात?"

सिस्टर पलंगाशी गेली. तिने एकेक साडी झटकली, उन्हात धरून पाहिली. एकीतही अंडं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी भावजय बाजारात गेली, तेव्हा सिस्टरने टॉर्च घेतला. ही झुरळं मोरीतून येणारी मोठी, काळपट झुरळं नव्हती. फिकट, बारकी, पाठीवर दोन गडद रेघा. हॉस्पिटलच्या भटारखान्यात एकदा अशीच झाली होती. ती सामानाबरोबर येतात आणि उबेला राहतात. सिस्टर स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. कुठली वस्तू सदा उबदार असते? मग भाऊ-भावजयीने आणलेल्या फ्रिजचा प्लग तिने काढला, खांदा लावला आणि तो पुढे ओढला.

फ्रिजची मागची बाजू हलत होती. मोटरीभोवती, पाण्याच्या ट्रेमध्ये, रबराच्या घडीत, झुरळांवर झुरळं. अंड्यांच्या तपकिरी कोशांचा थर इतका जुना होता की खालचे कोश वाळून त्यांचा भुगा झाला होता. दोन-चार महिन्यांचं काम नव्हतं ते.

"इकडे ये," तिने भावाला हाक मारली.

तो आला. त्याने पाहिलं, पण दचकला नाही. तो दचकला नाही हे सिस्टरने पाहिलं.

"तुला माहीत होतं."

"हळू बोल ना, ताई."

"कधीपासून?"

"तिकडच्या घरीच झाली होती." तो फरशीकडे बघत म्हणाला. "घरमालकाने त्यावरूनच जागा सोडायला लावली. फ्रिज तिच्या आईने दिलेला. काही बोललो असतो तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. तू काय, तू सहन करतेस."

"आईचं कपाट खाली नेताना दुसरी बाजू कुणी धरली होती?"

तो दाराकडे सरकला.

"जा तू," ती म्हणाली.

तिने हातमोजे चढवले, नाकाला रुमाल बांधला. तीन तास ती फ्रिजशी झुंजत होती. खरवडून, फवारून, उकळत्या पाण्याने धुऊन तिने तो पुसून कोरडा केला. भावजय पिशव्या घेऊन आत आली, तेव्हा फरशीवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर ओंजळी-ओंजळींनी मेलेल्या झुरळांचा ढीग होता.

"हे तुझं सामान," सिस्टर म्हणाली. "माझ्याकडे राहिलं होतं."

भावजयीचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. ती नवऱ्याकडे पाहू लागली. शेवटी म्हणाली, "फ्रिज बिघडला तर बघा हं!"

फ्रिज बिघडला नाही. झुरळं पुढच्या पंधरवड्यात संपली. माफी कुणी मागितली नाही. उलट जिन्यात भावजय सांगताना ऐकू आली, "मी चांगलं औषध मारून घेतलं हो, म्हणून सुटलो!" सिस्टर तिच्या शेजारून पायऱ्या चढून वर गेली. क्वार्टरचा अर्ज तिने केला नाही. घर तिचंही होतं.

एकदा सकाळी जोराचा पाऊस लागला. सिस्टर युनिफॉर्म घालून दारात छत्री उघडत होती. आतून भाऊ धावत आला. एका हातात हेल्मेट होतं, दुसऱ्या हाताने तो शर्टाची बटणं लावत होता.

"ताई, थांब. गाडीने सोडतो तुला."

तो अकरा वर्षांनी लहान. त्याला पहिलं पाऊल टाकायला तिने शिकवलं होतं. वॉर्डाच्या दारात ताटकळणाऱ्या नातेवाइकांशी बोलावं तशा मऊ, नेमक्या आवाजात ती म्हणाली, "नको. तुम्ही बसा."

ताईने आपल्याला ‘तुम्ही’ म्हटलं, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. तोवर ती एक मजला उतरून गेली होती.