तान्ह्यांची खोली

"अहो ताई, झोपलंय ते लेकरू. कशाला हात लावताय?" नव्या बाई दारातूनच कुजबुजल्या.

पाळण्यावर वाकून ताईंनी बाळाच्या नाकाशी बोटं धरली. उबदार श्वास लागल्यावरच त्या पुढच्या पाळण्याकडे वळल्या. तिथली मुलगी जरा जास्तच गाढ झोपल्यासारखी वाटली, म्हणून त्यांनी तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. तिनं खालचा ओठ बाहेर काढला आणि भोकाड पसरलं.

"आता तुम्हीच घ्या," बाई हसत म्हणाल्या.

"घेते की," ताईंनी तिला खांद्यावर टाकलं. "रडणारं पोर परवडलं, बाई."

दोऱ्याच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला हे पाळणाघर होतं. पुढच्या खोलीत तीन वर्षांवरची मुलं बाईंकडून गाणी आणि अक्षरं शिकत. मागची खोली तान्ह्यांची, आणि तिथे ताईंचं राज्य. मधल्या सुट्टीत रिळखात्यातल्या बायका केसांत दोऱ्याचा भुसा घेऊन धावत येत, भिंतीला टेकून बाळांना पाजत आणि भोंगा झाला की घास गिळत गिळत परत पळत.

"समिती येणार आहे परवा," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "नवं धोरण आलंय. सरकारला आता शाळेची तयारी करून घेणारे वर्ग हवेत. तीनच्या आतल्या मुलांनी घरी आईजवळ राहावं, म्हणतात."

"आणि आईनं कुठे राहावं?"

बाई म्हणाल्या, "ते तुम्हीच विचारा त्यांना. मी कालची आलेली, माझं कोण ऐकतंय?"

ताई मुलीला थोपटत राहिल्या.

याच आवारात लहानपणी त्यांनी एक समिती पाहिली होती, आईचं बोट धरून. तेव्हा पाळणाघर नव्हतं. रिळखात्यातल्या बायका सकाळी बाळाच्या जिभेवर अफूच्या काळ्या औषधाचे थेंब सोडत. कोपऱ्यावरच्या दुकानात ते उघड मिळे. बाळ दिवसभर झोपून राही आणि आई निर्धास्तपणे कामावर जाई. ताईंचा धाकटा भाऊही तसाच झोपायचा. त्या त्याच्या शेजारी बसून माश्या हाकलत. एका संध्याकाळी आई घाईघाईनं घरी आली, दुधानं तटतटलेली, आणि बाळाला उचलताच तशीच खाली बसली. शेजारणी आल्या, दिवा आला. आई नुसती म्हणत होती, "उठव गं त्याला. उठव."

पुढे समिती आली. कामावर आल्यावर मुलांचं काय करता, असं साहेबांनी एकेकीला विचारलं. कुणी म्हणाली सासू बघते, कुणी म्हणाली शेजारीण. आईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "औषध देऊन झोपवतो. सगळ्याच देतो. माझा उठला नाही."

त्या दिवसापासून बायका तिच्याशेजारी जेवायला बसेनात. "आमच्या सगळ्यांच्या तोंडाला काळं फासलंस," असं तिच्या सख्ख्या जावेनं ऐकवलं. वर्ष-दोन वर्षांत कायदा झाला, खोली बांधली गेली, पाळणे टांगले गेले. त्याच बायका आपापली मुलं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. आईनं मात्र त्या खोलीचा उंबरा कधी ओलांडला नाही. ताई मोठ्या झाल्या आणि तिथेच कामाला लागल्या. लग्नाचं कुणी विचारलं तर "राहूनच गेलं" म्हणत.

आता आई फार थकली होती. दिवस, माणसं, सगळ्यांची सरमिसळ झाली होती. एक गोष्ट तेवढी पक्की होती: कुणी झोपलेलं तिला बघवत नसे. सुट्टीच्या दुपारी ताईंचा डोळा लागला, की ती दंड गदागदा हलवी.

"उठव गं त्याला. मघापासून हलला नाही."

"उठलाय, आई."

"मग रडत का नाही?"

ज्या घरात इतक्या वर्षांत मूल फिरकलं नव्हतं, तिथे भांडी घासताना ताईंचाही हात मध्येच थांबे. नळ बंद करून त्या कानोसा घेत. काहीच ऐकू येत नसे, आणि त्याचीच भीती वाटे.

समिती आली. अध्यक्ष एक प्रौढ बाई होत्या, बोलायला मायाळू. त्यांनी पाळण्यातल्या एका बाळाची हनुवटी कुरवाळली. ताईंनी भावाचं सांगितलं, थेंबांचं सांगितलं. बोलताना आपला आवाज आईसारखा येतोय, हे जाणवून त्या मध्येच अडखळल्या.

अध्यक्षबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचेही डोळे पाणावले. "तो काळ वाईटच होता, ताई. पण आता कोण असं करतं? आता बाळंतपणाची रजा आहे, लोक शिकलेत."

"रजा संपल्यावर?"

"त्याचाही विचार पुढच्या टप्प्यात होईल," त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

घरी आल्यावर ताई आईच्या पायाशी बसल्या. "आज समितीला आपल्या बाळाचं सांगितलं, आई."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. नजर एकदम स्वच्छ झाली. "मी खरंच सांगितलं होतं त्यांना. काही लपवलं नाही."

"हो, आई."

"मग त्यांनी काय केलं?"

"पाळणाघर उघडलं."

"हो?" आईचा चेहरा उजळला. ती पुढे सरकली. "मग वाचला तो?"

ताईंनी तिचे दोन्ही हात धरले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"बाकीचे वाचले, आई," त्या म्हणाल्या. "खूप वाचले."

आईनं मान हलवली आणि हळूहळू पुन्हा दूर निघून गेली.

महिना उलटायच्या आत पाळणे निघाले. मागच्या खोलीत छोटी बाकं आली, भिंतीवर रंगीत अक्षरं आली. ताईंना पुढच्या वर्गात मुलांची नाकं पुसायचं काम मिळालं. पहिल्याच सकाळी त्या फाटकाशी पोहोचल्या, तर रिळखात्यातली एक पोरसवदा आई बाळाला कवटाळून उभी होती. दरवान तिला बाळासकट आत सोडत नव्हता.

"आता कुठे ठेवू ह्याला?" ती रडकुंडीला आली होती. "सासूबाई म्हणतात, खोकल्याचं औषध पाजून जा, गप झोपेल. द्यावं का हो, ताई?"

ताईंनी हात पुढे केले. "आण इकडे. संध्याकाळी माझ्या घरून घेऊन जा."

"आणि तुमची नोकरी?"

"बाईंना सांग, ताई येणार नाहीत म्हणून."

"पण घरी तुमच्या आई आजारी ना? त्यांना त्रास होईल."

"तिला सोबत होईल. जा तू, खाडा लागेल."

भोंगा झाला. ती पोर दोन पावलं गेली, परत आली, बाळाच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि पळत सुटली. ताईंनी बाळाला कडेवर नीट घेतलं आणि फाटकाकडे तोंड करून त्याचा हात धरून हलवला. "टाटा कर आईला. कर टाटा."

आई केव्हाच गर्दीत दिसेनाशी झाली होती. दरवानानं फाटक ओढून घेतलं. तरी ताई बराच वेळ तो इवलासा हात हलवत उभ्या राहिल्या.