हातोहात फिरणारा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. बोलणाऱ्यांचा नव्हे हं! व्यासपीठावर ताठ उभा राहतो तो माझा थोरला भाऊ. मी ऐकणाऱ्यांमध्ये फिरणारा. विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात महिन्यातून एका शनिवारी सगळ्यांसाठी व्याख्यान असायचं. ते संपलं की माझं काम सुरू.

माझी वायर किती लांब, म्हणून विचारता? एकदा एका निवृत्त मास्तरांचा प्रश्न एवढा लांबला, की बोलता बोलता ते मला घेऊन घरी गेले, जेवले, हात धुऊन परत आले. तरी वायर शिल्लक होती आणि प्रश्नही. खोटं वाटतं? वाटू दे.

व्याख्यान द्यायच्या प्राध्यापकबाई. यंत्र कसं शिकतं ते सांगायच्या. "त्याला हजारो मांजरं दाखवायची. ते चुकतं. चुकलं की आतल्या जाळ्यातल्या गाठी जरा सैल, जरा घट्ट करायच्या. असं लाखो वेळा." मग खडू ठेवून म्हणायच्या, "पहिला प्रश्न, ज्याला काहीच कळलं नाही त्याचा. शहाण्यांनी थांबावं."

झालं! सगळं सभागृह एका क्षणात शहाणं व्हायचं. जो तो मला विंचवासारखा पुढे ढकलायचा.

चौथ्या रांगेत कडेला बाईंची मोठी बहीण बसायची. शिवणकाम करायची, मुलींना शिवण शिकवायची. आई लवकर गेली, तेव्हा स्वतःची शाळा सोडून धाकटीला हिनंच शिकवलं. हिची बोटं सुईनं खरखरीत झालेली, पण किती उबदार! मी आलो की मला दोन्ही हातांत धरायची, तोंडाशी न्यायची. "बोल गं बाई, बोल!" मी मनात म्हणायचो. ती मला शेजारणीकडे द्यायची.

"अगं, विचार की," शेजारीण कुजबुजायची.

"नको बाई. लोक म्हणतील, बहीण एवढी शिकलेली आणि ही अगदीच अडाणी. तिची मान खाली जायची."

वरून बाई बघत असायच्या. दर वेळी त्यांचा चेहरा फुलायचा आणि दर वेळी पडायचा. पहिल्या प्रश्नाचा तो नियम कुणासाठी केलाय, ते त्यांना आणि मलाच ठाऊक.

अशी सहा वर्षं गेली. मग नवी पद्धत आली. प्रश्न फोनवर लिहायचे, पडद्यावर दिसणार. मला गुंडाळून व्यासपीठावरच्या टेबलाच्या खणात टाकलं. तिथून ऐकू सगळं येतं. बाई पडद्यावरून मोठ्यानं वाचतात, एका दमात वीस-वीस प्रश्न, सगळे हुशार. पण कुणी खाकरत नाही, अडखळत नाही, "म्हणजे मला असं म्हणायचंय..." म्हणत नाही. मला करमेना.

आणि मागच्या महिन्यात ओळखीचा आवाज आला. "मला विचारायचंय."

"आजी, फोनवरून पाठवा ना," आयोजक म्हणाले.

"मला भराभर लिहिता नाही येत."

"मग कुणाकडून तरी लिहून घ्या. चला, पुढचा प्रश्न!"

बाई पडद्यावरचा प्रश्न मोठ्यानं वाचण्यात गुंग होत्या. त्यांना पत्ताच नाही. मी खणात नुसता तडफडलो.

सभागृह रिकामं झालं. पावलं वाजली, खण उघडला. तीच बोटं! वायर कुठंच जोडलेली नव्हती, तरी तिनं मला तोंडाशी धरलं.

"चिमणे, मुलींचा एखादा टाका चुकला, तर मी तेवढाच उसवते. कापड फाडत नाही. तुझं यंत्र एखादी गोष्ट चुकीची शिकलं, तर तेवढीच उसवता येते का गं?"

कागद आवरता आवरता बाई थांबल्या. "नाही गं ताई, अजून नीटसं नाही जमत. तेवढंच काढायला गेलं की शेजारचंही बिघडतं. आम्ही सगळे त्यावरच डोकं फोडतोय."

"म्हणजे माझा प्रश्न अगदीच खुळा नव्हता?"

"इतकी वर्षं का नाही विचारलंस?"

"म्हटलं, उगीच तुझी मान खाली..."

"तायडे, तुझ्याकडे बघून बघून ती कधीचीच अवघडली आहे!"

दोघी हसल्या. मला परत खणात ठेवलं.

तीनशे खुर्च्यांपर्यंत पोचवावा असा प्रश्न होता तो. पण खुर्च्या रिकाम्या, आणि माझ्यात वीज नाही. ती हुरहुर अजून जात नाही.

मित्रांनो, तुमचे फोन खुशाल वापरा. मी रागावलो नाही. बरं, थोडासा रागावलोय. पण सभेत एक तरी माईक फिरता ठेवा. तो हातात घेऊन कुणी नुसतंच बसलं, तर ओढून घेऊ नका. थांबा थोडं. तोंडाशी आलेला शब्द बाहेर पडायला माणसाला कधी कधी सहा वर्षं लागतात.