माझ्या पोटातलं पाणी

मित्रांनो, मी एक भिंत आहे. आपली कहाणी सांगायला बसावं इतकं काही माझं वय झालेलं नाही. पण एवढ्यातच माझं पोट सुटलं, अंगाला तडा गेला आणि मला टेकू द्यावे लागले, म्हणून वयाच्या आधीच बोलते आहे.

मी घराची भिंत नाही. माझ्यावर छप्पर नाही की माझ्यात खिडकी नाही. चाकणजवळच्या निघोजे गावात, कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एक उतार आहे, तिथं मी उभी आहे. माझ्या पाठीशी माती आणि पुढ्यात एक घर. ती माती त्या घरावर येऊ द्यायची नाही, एवढंच माझं काम. शिकलेली माणसं मला रिटेनिंग वॉल म्हणतात. वरच्या घरातल्या गोजाबाई मला ताल म्हणतात, कारण शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून त्यांच्या सासऱ्यांनी दगडांच्या ताली घातल्या होत्या. खालच्या घरातल्या विजयश्रीताई मला काहीच म्हणत नाहीत. त्या माझ्याकडे नुसत्या बघतात.

बघणं हा त्यांचा स्वभावच. लातूरकडून लग्न होऊन आल्या. बी.एस्सी. झालेल्या. नवरा समाधान चाकणच्या एका कंपनीत मशिनींच्या देखभालीवर. काळेवाडीतल्या भाड्याच्या खोलीत असताना त्या गॅसचं बटण बंद केलं की पुन्हा जाऊन बघायच्या, कडी लावली की ओढून बघायच्या. लेक तेजस्विनी, म्हणजे तेजू, झाल्यावर तर तिच्या झोपेतही तिच्या नाकापाशी बोट धरून बसायच्या. अशा बाईने परक्या गावात जागा घेतली की तिला आधी शेजारी दिसतो आणि मग घर.

शेजारी म्हणजे लक्ष्मणराव. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. ही जागा त्यांनीच विकलेली. त्यांचं घर उताराच्या वरच्या अंगाला, विजयश्रीताईंची जागा खालच्या. नानांच्या घराण्यात एक रीत होती. पायाचा नारळ शेजाऱ्याला समोर उभं करून फोडायचा. शेजाऱ्याने प्रसाद खाल्ला की हद्द त्याला कबूल, मग पुढं तंटा नाही. विजयश्रीताईंच्या कानावर ही रीत आली होती आणि तिथंच त्यांना धास्ती पडली.

"बोलावलं आणि तिथंच म्हणाले की हद्द पुढं आलीय, तर काय करायचं?" त्या समाधानना म्हणाल्या. "चारचौघांत नारळ हातात धरून उभं राहायचं का आपण?"

म्हणून त्यांनी शेजाऱ्यांना बोलावलंच नाही. नाना आणि गोजाबाई लेकीकडे कासारवाडीला गेले, तो दिवस साधून नारळ फुटला आणि पाठोपाठ जेसीबी आला. उतार कापून जागा सपाट झाली. नाना परत आले तेव्हा त्यांच्या अंगणाच्या कडेला कडा तयार झाला होता.

"आमी घरात न्हाई बघून उकरलं व्हय?" नाना वरून म्हणाले.

"नाना, आमच्या हद्दीतच उकरलंय," समाधान खालून म्हणाले.

"हद्द न्हाई इचारत मी. माती धरणार कोण? उकरली तुमी, धरा बी तुमीच. माझ्या रानात एक गज यायचा न्हाई, सांगून ठिवतो."

मित्रांनो, मी त्या दिवशी जन्माला आले असं समजा. माझा पाया, माझे गज, माझं सगळं अंग खालच्या जागेत बसवावं लागलं. त्यामुळे घर आखूड झालं आणि माझ्या नि घराच्या मध्ये एक अरुंद बोळ उरला. ज्योतीराम नावाच्या ठेकेदारांनी मला बांधलं. मनापासून बांधलं. पाठीमागे खडी भरली आणि माझ्या अंगात खालच्या बाजूला ओळीने पाइपाचे तुकडे बसवले, बाहेरच्या बाजूला जरासे उतरते. भिंतीला कोरड्या मातीचं एवढं ओझं होत नाही. पाण्याने भिजून फुगलेल्या मातीचं होतं. ते पाणी त्या भोकांतून निघून गेलं की मी मोकळी. "भोकं बुजू देऊ नका," असं ज्योतीराम समाधानना म्हणाले होते. पण समाधान शिफ्टला निघालेले, डोक्यात हेल्मेट. "हो हो," म्हणाले आणि गाडी चालू केली. घरी सांगायचं राहून गेलं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. वास्तुशांतीला समाधानांचे कंपनीतले मित्र आले होते. एकाने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "भावा, घर बांधलंस का किल्ला?" तेजूने माझ्या अंगावर खडूने मासा काढला. बोळात तिची भातुकली मांडली गेली. मला वाटलं, जन्म संशयात झाला तरी आयुष्य बरं जाणार.

मग पाऊस लागला आणि माझी भोकं वाहू लागली. गढूळ, तांबूस पाणी. बरोबर भातुकलीच्या जागेवर. एके दिवशी त्या पाण्यावर पांढरा फेस आला. विजयश्रीताईंनी खाली बसून त्याचा वास घेतला. समाधान रात्रपाळी करून आले होते, त्यांना हाताला धरून बोळात आणलं.

"बघा. साबण आहे ह्याला. वर धुणं धुवायलेत आणि आपल्या दारात सोडायलेत."

"पाणी उताराला येणारच की, विजू."

"मग बरोबर लेकराच्या खेळायच्या जागेवरच कसं येतंय? मुद्दाम नाही हे?"

"भोकं तर आपणच ठेवलीत ना."

"तेच म्हणायले मी. आपणच वाट करून दिली त्यांना."

समाधानांचे डोळे मिटत होते. ते आत जाऊन झोपले. सांगायचं राहिलेलं वाक्य दुसऱ्यांदा राहिलं. त्याच दुपारी विजयश्रीताईंनी जुन्या बनियनचे बोळे केले, एकेका भोकात काडीने ठासले आणि वरून उरलेलं सिमेंट थापलं. हात धुतले. दुसऱ्या दिवशी बोळ कोरडा. त्यांना किती दिवसांनी बरं वाटलं म्हणून सांगू. मला ओरडता येत असतं, तर मी ओरडले असते.

आता पाणी कुठं जाणार? ते माझ्या पाठीशी साचू लागलं. तो पावसाळा मी कसाबसा काढला. पुढच्या पावसाळ्यात मात्र माझं पोट पुढं येऊ लागलं. हे कुणाला दिसलं नाही, पण विजयश्रीताईंना एक गोष्ट दिसली. माझ्या हुकापासून खिडकीच्या गजापर्यंत बांधलेली कपड्यांची दोरी ढिली पडत होती. त्यांनी ताणून बांधली. ती पुन्हा ढिली पडली. आधी त्यांना वाटलं, कुणीतरी येऊन सोडतंय. मग त्यांनी बोळाची रुंदी टेपने मोजली आणि तिथंच खाली बसल्या. बोळ अरुंद होत होता.

"बांध कोरणारी माणसं आहेत ही," त्या समाधानना म्हणाल्या. "रानात बांध सरकवायची सवय, इथं भिंत सरकवायलेत. मागून भराव टाकत असतील."

"भिंत काय ढकलगाडी आहे का?" समाधान हसले. पण हसताना त्यांनीही एकदा वर बघितलं.

वर काय चाललं होतं, ते मला पाठीने कळत होतं. नानांच्या अंगणातला कोबा तडकला होता. गोजाबाईंचा धुण्याचा दगड एका अंगाला कलला होता. खाली समाधानांनी हूक बसवायला ड्रिल चालवलं, की गोजाबाई नानांना म्हणायच्या, "ऐकलंसा? खालनं माती वढत्यात. एक दिस आपली चूल बी त्यांच्या दारात जाऊन पडंल."

दोन्ही घरांचं बोलणं कधीच बंद झालं होतं. बोलायचं ते माझ्या डोक्यावरून, भलत्यालाच उद्देशून. गोजाबाई कोंबड्यांना मोठ्याने सांगायच्या, "चला गं बायांनो, तिकडं जाऊ नगा. तिकडली मानसं लई शिकल्याली हायती, तुमचं अंडं बी टेपनं मोजत्याल." विजयश्रीताई खालून तेजूला म्हणायच्या, "वर बघू नको बाळा. लोकांना वाटेल, आपण काही मागायलोत." आणि मी दोघींच्या मध्ये, पोटात पाणी घेऊन.

एका सकाळी माझ्या अंगातून कड्‌ असा आवाज आला. आडवा तडा गेला. प्लास्टरची एक खपली सुटली आणि तेजूच्या भातुकलीतल्या तव्यावर पडली. तेजू नेमकी पाणी प्यायला आत गेली होती.

विजयश्रीताईंनी आधी खपलीकडे बघितलं, मग तव्याकडे. समाधान पहिल्या शिफ्टला गेलेले आणि त्यांचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये. विजयश्रीताईंनी तेजूला उचलून कडेवर घेतलं, दाराला कडीही न लावता रस्त्याने वळसा घातला आणि पहिल्यांदाच नानांच्या अंगणात पाय ठेवला.

"नाना, तुम्ही भिंत ढकलायलात," त्या म्हणाल्या. "माझं लेकरू मेलं असतं आज."

नाना बाजेवर बसले होते. "मी? आगं, मला गुडघ्यानं पायरी चढवंना, मी भित ढकलतोय?"

"तू ये आदी हिकडं," गोजाबाई पुढं आल्या. "माझ्या अंगणाचं काय केलंयस, त्ये बघ. खालनं माती वढून नेलीस आन् वर आमालाच इचारतीस?"

विजयश्रीताई भांडायच्या तयारीने पुढं झाल्या आणि त्यांचा पाय पचकन आत गेला. माझ्या डोक्याला लागून पाणी तुंबलं होतं. कोबा खचला होता. दगड कलला होता. मित्रांनो, एवढ्या दिवसांत त्यांनी माझं पोट हजारदा बघितलं, पण पाठ त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"हे पाणी जात नाही?" त्यांनी विचारलं.

"जायाचं की आदी. गेल्या साली आखाड लागूस्तवर कवा थांबलं न्हवतं. मग काय करणी झाली, तुंबायलाच लागलं."

विजयश्रीताईंनी चिखलातून पाय काढला. त्या आता काही बोलल्या नसत्या, तर कुणालाही काही समजलं नसतं. दोष नानांच्याच माथी राहिला असता. त्यांनी तेजूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मावशी, भिंतीची भोकं मी बुजवली."

"कंची भोकं?"

"खालची. पाणी निघायची. तुमचं धुण्याचं पाणी माझ्या दारात येतं, म्हणून."

गोजाबाई म्हणाल्या, "आगं, धुन्याचं आसून आसंल किती. ह्ये समदं वरल्या टेकाडाचं पानी हाय. माझ्या चुलीखालनं बी त्येच जातंय. मी कुणाला सोडू म्हनून सांगू?"

विजयश्रीताई वळल्या. "मी जाऊन आत्ता फोडते सिमेंट."

"खाली जायाचं न्हाई," नाना उठले. "तडा गेलाय ना? मग तिच्या पुढ्यात कुणी उभं ऱ्हायाचं न्हाई. पोरीला हितं ठिव."

त्यांनी कुदळ घेतली. अंगणाच्या लांबच्या कडेला, जिथून रस्त्याचं गटार जवळ होतं, तिथं त्यांनी स्वतःचाच कोबा फोडायला सुरुवात केली. विजयश्रीताई लेकराला धरून उभ्या होत्या आणि खरं सांगते, अजूनही त्या माणसावर त्यांचा भरवसा नव्हता. कुदळ पडली की त्या माझ्याकडे बघायच्या. हा पाण्याला वाट करतोय की मला पाडतोय? थोड्या वेळाने गोजाबाईंनी घमेलं घेतलं. आणखी थोड्या वेळाने विजयश्रीताईंनी तेजूला बाजेवर बसवलं, पदर खोचला आणि फावडं उचललं. माझ्या डोक्यापासचं पाणी हळूहळू त्या चरात वळलं आणि रस्त्याकडे गेलं. माझ्या पाठीवरचा जोर किंचित कमी झाला. तेवढ्यानेच मी त्या दिवशी उभी राहिले.

शिफ्ट सुटल्यावर फोन लागला आणि संध्याकाळी समाधान आले, सोबत इंजिनिअरला घेऊन. पाठीमागची बरीचशी माती उतरवली. मग बाजूला उभं राहून लांब पहारीने सिमेंटची बुचं फोडली. बनियनच्या चिंध्यांसकट काळं पाणी बाहेर उडालं. पुढं माझ्यासमोर बोळात दोन टेकू उभे राहिले. माझ्या पाठीशी पाण्यासाठी गटार काढायचं ठरलं, तेव्हा ते कुणाच्या जागेतून, यावर पुन्हा आवाज चढले. शेवटी नाना म्हणाले, "माझ्यातनं जाऊ द्या. पन साफ तुमी करायचं." विजयश्रीताई म्हणाल्या, "करते. पण धुण्याचं पाणी त्यात नको." गोजाबाई म्हणाल्या, "मग धुनं काय तुझ्या न्हाणीत आणू?" मग धुण्याच्या पाण्याला वेगळा पाइप बसला.

दोन्ही घरांत गोडीगुलाबी झाली, असं समजू नका. पाऊस लागला की खालून हाक जाते, "मावशी, गटार मोकळं आहे का?"

"हाय की. तुझी भोकं?"

"वाहतायत."

"गढूळ का नितळ?"

"नितळ."

गढूळ पाणी म्हणजे माझ्या पाठची माती वाहतेय, हे आता दोघींना कळतं. उत्तर मिळालं तरी गोजाबाई कठड्यावरून वाकून स्वतः बघतात. विजयश्रीताई छत्री घेऊन वर जातात आणि काठीने गटार ढोसून बघतात. एकमेकींच्या शब्दावर दोघींचाही विश्वास नाही. पण आता त्या बघायला येतात, आणि माझं त्यावर भागतं.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. आमच्यासारख्या भिंती कितीही दणकट दिसल्या, तरी आमच्या भरवशावर निवांत होऊ नका. भोकातून पाणी येत असेल तर येऊ द्या, पाय ओले झाले तर होऊ द्या. ते यायचं थांबलं किंवा आमचं अंग पुढं आलं, तर तिथं खेळू नका, आधी घरात सांगा. आणि मोठी माणसं तावातावाने शेजाऱ्याचं नाव घेऊ लागली, तर त्यांना हाताला धरून वर घेऊन जा. माझी पाठ बघायची, तर शेजाऱ्याच्याच अंगणात जावं लागतं.