पुन्हा त्याच हातात

भोंग्याला घास उतरत नव्हता. आवाज चढा म्हणून डेपोतल्या ड्रायव्हरांनी त्याचं हे नाव पाडलं होतं, आणि हळूहळू बायकोही त्याच नावाने हाक मारू लागली होती. वर्षानुवर्षांच्या पित्ताने त्याची अन्ननलिका एका जागी आवळली होती. तोंडातून दुर्बीण घालायची, फुगा फुगवून ती जागा रुंद करायची आणि संध्याकाळी घरी जायचं, असं ठरलं होतं.

"चाकात हवा भरतात तसंच आहे," आत जाताना तो बायकोला म्हणाला.

काम थोडक्यात आटपायचं होतं, पण दार उघडेना. बाहेर भोंग्याचा थोरला भाऊ सारखा उठबस करत होता. शेवटी डॉक्टरबाई बाहेर आल्या.

"बसा," त्या म्हणाल्या, पण स्वतः उभ्याच राहिल्या. "फुगा फुगवताना नलिका फाटली. माझ्या हातून झालंय. लगेच लक्षात आलं, म्हणून अजून वेळ आहे."

बायकोने विचारलं, "म्हणजे आता काय करायचं?"

"लाळ आणि हवा छातीत झिरपतेय. ती थांबवली नाही तर जिवावर बेतेल. एक तर छाती उघडून टाके घालायचे. नाहीतर दुर्बिणीतूनच आत जाळीची नळी बसवायची. वरून तिला आवरण असतं, त्याच्याआड जखम भरते. मग नळी काढून घ्यायची."

"ज्यांनी फाडलं त्यांच्याच हातात पुन्हा द्यायचं?" थोरला भाऊ म्हणाला. "सर्जनना बोलवा."

सर्जन आतच होते. ते मास्क खाली ओढत बाहेर आले. "मी उघडायला तयार आहे," ते म्हणाले. "पण सिगारेटने त्यांच्या फुप्फुसांची वाट लावलीय. एवढं मोठं ऑपरेशन त्यांना झेपेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आधी यांना नळी बसवू द्या. मी बाजूलाच उभा राहीन."

बायकोने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. "तुमचे हात थरथरताहेत का?"

"मघाशी थरथरत होते. आता नाहीत."

"मग जा. नळी बसवा."

"काही बरंवाईट झालं तर तुझ्यावर येईल," भाऊ म्हणाला.

"येऊ दे, दादा."

तो तरातरा जिन्याकडे गेला. ती एकटीच दाराकडे बघत बसली. कोणीतरी चहा आणून दिला, तो हातातच निवला.

नळी बसली. छातीत साठलेलं पाणी काढायला बरगड्यांमधून आणखी एक बारीक नळी टाकली. पण दुसऱ्या दिवशी भोंगा तापाने फणफणला. एक्स-रे काढला तर जाळीची नळी खाली सरकलेली. ती वर ओढायला पुन्हा संमतीची सही करायची वेळ आली आणि या वेळी बायकोचं पेन कागदावर अडलं. आपण चुकलो की काय?

तेवढ्यात भाऊ आला. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. "मी सर्जनशी बोललो," तो म्हणाला. "या वेळी नळीची वरची कड आतून बारीक चिमट्यांनी धरून ठेवणार आहेत. कर सही."

नळी जागेवर आली, पण ताप उतरायला चार दिवस लागले. मग भोंग्याला एक्स-रेच्या मशीनपुढे उभं करून पडद्यावर दिसणारं कडवट औषध प्यायला दिलं. त्याची काळी धार घशातून निघाली, जाळीपाशी आली. धार कुठेही न फुटता सरळ पोटात उतरली. डॉक्टरबाई खुर्चीत मटकन बसल्या.

काही आठवड्यांनी नळी काढली, तेव्हा जखम भरून आली होती.

"ती जागा पुन्हा आवळू शकते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुन्हा फुगा लागेल. हवं तर दुसऱ्या डॉक्टरांचं नाव देते. मला वाईट वाटणार नाही."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. झालेलं सगळं तिने त्याला काहीही न लपवता सांगितलं होतं.

"नको," भोंगा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "नवा ड्रायव्हर आला तर त्याला खड्डे कुठे आहेत ते कळायला वेळ लागेल."

भाऊ हसला नाही. खुर्ची पुढे ओढून त्याने डॉक्टरबाईंना विचारलं, "पुढच्या वेळी उपाशीपोटी यायचं का?"