बाबांच्या पिशवीचा रंग

बाबांची प्रोस्टेट ग्रंथी वाढली होती, आणि हट्ट तिच्याहून जास्त. ऑपरेशनमध्ये रक्त फार गेलं तर त्यांच्या दुर्मीळ गटाचं रक्त लागणार, आणि तो गट अख्ख्या खानदानात एकट्या काकाचा! दोघे भाऊ एकाच दुकानात भिंतींचे रंग कालवायचे. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीच्या हिरव्या रंगावरून भांडले, तेव्हापासून वर्षानुवर्षं अबोला.

"त्याच्या रक्ताचा थेंब अंगात घेणार नाही," बाबांनी ठणकावलं.

"मग रक्तच कमी सांडू देऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ग्रंथीचा रक्तपुरवठा कमी करणारी गोळी काही आठवडे आधीपासून, रक्त पातळ करणारी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून बंद, आणि ऑपरेशन लेझरने.

आईच्या विनवण्यांना कधी न बधलेला माणूस गजर लावून गोळ्या गिळू लागला. राग असा कामी येतो! मला मात्र धीर धरवेना. मी गुपचूप काकाला फोन केला.

ऑपरेशनच्या दिवशी काका रक्त द्यायला पोटभर जेवून हजर. डॉक्टरीणबाई हसतच बाहेर आल्या. "रक्त फारसं गेलंच नाही. द्यायची गरज नाही."

मला नाचावंसं वाटलं. काकाचं तोंड एवढंसं झालं. "थोडं तरी घ्या की!"

खोलीत बाबांचं मूत्राशय सलाईनने धुतलं जात होतं, ते पाणी पलंगाला अडकवलेल्या पिशवीत उतरत होतं. काका दाराबाहेरच घुटमळत होता.

"रंग कसा आहे?" नर्सने विचारलं.

"फिकट गुलाबी," मी म्हणाले.

"गुलाबी?" काका आत घुसलाच. "यात पिवळा आहे. हा गाजरी!"

"डोळे फुटले का तुझे?" पलंगावरून आवाज आला. "डाळिंबी आहे. पाणी जास्त झालेला."

"दादा, डाळिंबीत निळी झाक लागते!"

"मला शिकवतोस?"

"अहो, रंग चांगला आहे, एवढं पुरे!" नर्स ओरडली. ऐकतंय कोण! बाबांना उठायची बंदी, म्हणून काकाने पिशवीचा फोटो काढून नाकासमोर धरला. "फोटोत रंग बदलतो, गाढवा!" आई आणि मी एकमेकींना धरून हसत होतो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

भेटीची वेळ संपली. काका उठला.

"माझी गरज नाही लागली. बरंच झालं," तो पुटपुटला.

"रक्ताची नाही लागली," बाबा छताकडे बघत म्हणाले. "तुझी लागते. उद्या लवकर ये."

काका पुन्हा खाली बसला, तो असा की नर्सलाही उठवता येईना.